अजीमचा दम

नाजिया चंद्रपूरहून परतली तेव्हा ऊन इतकं चढलं होतं, की घुग्घुसच्या रस्त्यावरची कोळशाची धूळही उडायचा कंटाळा करून जागच्या जागी पडून होती. काम साधंच होतं. अॅल्युमिनियमच्या वेल्डिंगकाड्या, रबरी होजपाइपचे तुकडे आणि ते आवळायचे क्लॅम्प, एवढं आणायचं. स्कूटरच्या डिकीत सामान, तोंडाला काळा पडलेला स्कार्फ आणि दुखऱ्या दाढेखाली लवंग. दाढ काढून घ्यायला तिच्याकडे वेळ नव्हता. रविवारी गाडी हैदराबादकडच्या रेस ट्रॅकवर उतरायची होती.

'बाबूभाई रेडिएटरवाले' हे तिच्या वडिलांचं दुकान ट्रकच्या रस्त्याला लागूनच होतं. टिनाचं छप्पर, समोर कोळशाच्या ट्रकांचे उघडे रेडिएटर, मधोमध काळ्या पाण्याचा सिमेंटचा हौद आणि मागच्या अंगाला ताडपत्रीखाली ती गाडी. जुनी झेन. आतून पार सोललेली, मोठ्या इंजिनाची, लोखंडी पिंजऱ्याची. रस्त्यावर चालवायची नाही, फक्त ट्रॅकवर पळवायची.

बाकड्यावर बापूराव बसला होता. ट्रकवाला. गाडी त्याच्याच ट्रकवर चढवून न्यायची होती.

"काऊन वो नाजिया, अजीमची गाडी कुठवर आली?"

नाजियानं हेल्मेट काढून बाकड्यावर आपटलं.

"कोनाची?"

"अजीमची... म्हनजे तुमची. तेच ते."

"अजीमनं भंगारातून सांगाडा ओढत आनला, बापूरावभाऊ. बस. इंजिन मी बसवलं, पिंजरा मी वेल्ड केला, वायरिंग दिव्यानं केलं. आननाऱ्याची गाडी होत असन, तं साऱ्या गाड्या क्रेनवाल्याच्याच म्हना."

बापूराव हसला. आत ट्रकचा रेडिएटर झाळत बसलेले बाबूभाई मान वर न करता म्हणाले, "भांडू नको बेटा. लोकायच्या तोंडात बसलं आहे ते."

लोकांच्या तोंडात आणि तुमच्या? हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं लवंगेबरोबर चावून टाकलं.

अजीम तिचा मोठा भाऊ. मागच्या उन्हाळ्यात मित्रांसोबत वर्धा नदीत पोहायला गेला आणि डोहातून वर आलाच नाही. दहावीत नापास झालेला, पण हात असा की बाबूभाई गिऱ्हाइकांना बोलावून दाखवायचे. नाजियाला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा घरात पेढे आले. एकट्या अजीमनं पेढा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. "तू कॉलेजात जाय," तो म्हणाला, "गाडी मात्र मीच चालवीन." तेव्हा तिला वाटलं होतं, थट्टा करतोय. तिचं सगळं लक्ष दुसरीकडेच होतं. अब्बू त्याच्या खांद्यावर हात टाकतात तसा आपल्या खांद्यावर कधी टाकतील, याच्याकडे.

तो गेला आणि ते खांदा थोपटणं काही तिच्याकडे आलं नाही. ते त्याच्याबरोबर गेलं, किंवा असं म्हणा, भिंतीवर गेलं.

हौदाच्या वरच्या भिंतीवर एक लहान रेडिएटर टांगलेला होता. तांब्या-पितळेचा, हिरवट पडलेला, दोन्ही तोंडांत रबरी बुचं ठोकलेली. अजीमनं नदीवर जायच्या दिवशी सकाळी तो पुरा केला होता. या दुकानाची एक रीत होती, बाबूभाईंच्या वडिलांपासूनची. रेडिएटर झाला की ज्यानं बनवला त्यानंच बिस्मिल्ला म्हणून रबरी नळीतून तोंडानं फुंक मारायची, लगेच बूच बसवायचं आणि तो रात्रभर ठेवायचा. सकाळी हौदात बुडवून बूच काढायचं. मोठा बुडबुडा वर आला, तर रेडिएटरनं दम धरला. नाही आला, तर कुठंतरी फट आहे. कॉम्प्रेसर आला, मीटर आला, तरी ही शेवटची फुंक तोंडाचीच.

अजीमनं फुंक मारली, बुचं लावली, "सकाळी पाहू" म्हणाला आणि गेला. ती सकाळ बाबूभाईंनी कधी होऊच दिली नाही. रेडिएटर तसाच टांगला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "साऱ्या दुनियेतून माह्या पोराचा श्वास गेला, पन इथी आहे. अजून आहे." आणि गिऱ्हाइकं, मोठमोठी माणसं, डोळे पुसायची. कुणी एकानंही विचारलं नाही, की वर्षभर रबरी बुचात फुंक टिकेल कशी? नाजियानं एकदाच विचारलं. त्यावर अब्बू दोन दिवस जेवले नव्हते. मोठ्या माणसांचं हे बरं असतं. उत्तर नसलं की उपाशी राहायचं.

*

या गाडीचे दोन अवयव नाजियानं स्वतः, पत्र्यापासून बनवले होते. एक इनटेक, म्हणजे इंजिनाचं नाक. बॉनेटखालची हवा तापलेली असते, म्हणून तिनं पुढचा एक हेडलाइट काढून त्या खोबणीत अॅल्युमिनियमचं नरसाळं बसवलं. तिथून जाड नळी, नळीपुढे हवेचा डबा आणि डब्यातून इंजिनात उतरणारे गोल वळलेले भोंगे. एकेक भोंगा तिनं लाकडी साच्यावर ठोकून काढला होता. गाडी समोरून पाहिली की एका बाजूला डोळा आणि दुसऱ्या बाजूला काळं, गोल, उघडं तोंड.

दुसरा रेडिएटर. झेनचा मूळचा रेडिएटर या इंजिनाला आणि या उन्हाला पुरणारा नव्हता. नाजियानं अॅल्युमिनियमचा, दुप्पट जाडीचा नवा बनवला. वेल्डिंगचे टाके असे, की दिव्यानं फोनमध्ये फोटो काढून सगळ्या बॅचला पाठवले. दिव्या तिची कॉलेजची मैत्रीण, एटापल्लीकडची. गाडीतली प्रत्येक तार तिची.

कॉम्प्रेसरची हवा भरून हौदात बुडवला, एक बुडबुडा नाही. मीटरचा काटा दगडासारखा. पण तोंडानं फुंक मारून ठेवली की सकाळी आत काहीच नसायचं. बूच काढलं तर पाणी नुसतं थंडपणे आत शिरायचं. पहिल्यांदा झालं तेव्हा नाजियानं बूच बदललं. दुसऱ्यांदा सगळे टाके तपासले. आज सकाळी पुन्हा तेच.

"मशीन हवा सांगते, बेटा," बाबूभाई झाळणी खाली ठेवून म्हणाले. "दम नाई सांगत."

"अब्बू, दम म्हनजे हवाच असते. दुसरं काय असते त्याच्यात?"

"मंग राह्यली काऊन नाई?"

नाजियानं हातातलं बूच हौदाच्या काठावर आपटलं.

बाबूभाईंनी भिंतीकडं पाहिलं. "मी म्हनतो, गाडीत अजीमचाच लाव. त्यानं तिच्यासाठीच बनवला होता तो."

"तो लहान पडते. गाडी उकळन."

"नाई उकळनार. त्याचा हात होता."

"आन मी काय पायानं केला काय?"

बापूरावनं चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"हे पाह्य नाजिया," बाबूभाई उठले. "एक पोरगं पान्यानं नेलं. दुसरं मी फुटक्या रेडिएटरच्या गाडीत नाई बसवनार. उद्या सकाळी तुह्यात दम निघाला, तं तुहा लाव आन जाय. नाई निघाला, तं अजीमचा लागन. दोनातलं काईच नसन, तं गाडी ट्रकवर चढत नाई. बापूराव, ऐकलं नं?"

"ऐकलं भाऊ."

झालं. म्हणजे तिनं वर्षभर हातांची कातडी जाळून जे बनवलं, त्याच्या काळजात पुन्हा तोच बसणार. ट्रॅकवर लोक बॉनेट उघडून बघतील आणि अब्बू बोट दाखवून सांगतील, हे माह्या अजीमचं. तिला वाटलं, मेलेल्या माणसाशी भांडणं किती सोपं असायला हवं होतं. तो बोलत नाही, चुकत नाही आणि हरतही नाही.

*

शुक्रवार होता. बाबूभाई नमाजला गेले. तिथून जेवण आणि मग झोप, म्हणजे ऊन कलेपर्यंत येणार नव्हते. बापूराव ट्रकखाली चटई टाकून घोरत होता. नाजियानं शटर अर्धं ओढलं. टिनाचं छप्पर उन्हानं तडतडत होतं. बाकी सगळं सामसूम. कोळशाच्या गावात अशी सामसूम फक्त मे महिन्याच्या दुपारी होते, ट्रकसुद्धा सावली शोधतात तेव्हा.

ती स्टुलावर चढली आणि भिंतीवरचा रेडिएटर खाली काढला.

तिला फक्त सिद्ध करायचं होतं. हा रिकामा आहे. कधीचाच रिकामा आहे. रबर सुकतं, हवा निसटते, विज्ञान आहे. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की अब्बूंना तोंडावर सांगता येईल, की वर्षभर तुम्ही एका रिकाम्या डब्याची पूजा करत होतात. सांगायला जीभ वळली नसती, हे तिलाही माहीत होतं. पण निदान आपल्याला तरी कळेल.

तापलेल्या छपराखाली लटकलेला तो रेडिएटर हाताला गार लागला. नुकताच पाण्यातून काढावा तसा.

तिनं तो हौदात दाबला. काळं पाणी कोपरापर्यंत आलं. तळाशी धरून ठेवत तिनं एक बूच उपसलं.

बुडूक.

एक मोठा बुडबुडा वर येऊन फुटला. त्याच्यामागून दुसरा. मग बुडबुड्यांची माळच लागली. सावकाश, एकसारखी, घाई नाही. लहान पोराच्या छातीएवढी हवाही ज्यात मावू नये, त्यातून ती येतच राहिली. आणि वास आला. आधी झाळकामातल्या नवसागराचा. मग बडीशेपेचा. अजीम दिवसभर बडीशेप चघळायचा. खिशात पुडी असायची, धुतलेल्या शर्टालाही वास असायचा.

तरी नाजियानं हात काढला नाही. येऊ दे. सगळं येऊ दे बाहेर. एकदाचं संपू दे.

बुडबुडे बारीक होत आले. आणि शेवटी शेवटी वास बदलला.

लवंग.

तिनं श्वास घ्यायचं थांबवून पुन्हा हुंगलं. लवंगच. तिच्या दाढेखालची. तीनदा तिनं तोंडातून फुंकलेली, सकाळी नाहीशी झालेली हवा इथं, त्याच्या पोटात होती.

भीती वाटायला हवी होती. आधी आला तो राग.

"तू?" ती पाण्याकडं बघून पुटपुटली. "मेल्यावरबी?... अब्बू तुले पाह्यजे, नाव तुले पाह्यजे... आता माहा श्वासबी?"

शेवटचा बुडबुडा फुटला. पाणी स्थिर झालं. छपराचं तडतडणंही थांबलं.

मग हौदातलं पाणी खाली जायला लागलं.

आधी तिला वाटलं, भास. पण हौदाच्या आतल्या भिंतीवरची शेवाळाची ओली रेघ उघडी पडत चालली होती. पाणी त्या लहानशा तोंडातून आत जात होतं. तोच सावकाशपणा, तीच लय. सोडलेला श्वास आता आत ओढला जात होता. तिची बोटं त्या तोंडाजवळ होती आणि पाण्याबरोबर तीही आत खेचली गेली. हळूच, ओळखीच्या माणसानं हात धरावा तशी.

तिनं हिसका देऊन हात सोडवला. रेडिएटर वर काढून उलटा केला.

आतून एक थेंबही पडला नाही.

तिनं बूच ठोकलं, तो पुन्हा खिळ्याला टांगला, बादल्या ओतून हौद भरला आणि ट्रकपाशी जाऊन उगाच बापूरावच्या पायाला हात लावून त्याला जागं केलं.

"काय झालं वो?"

"काई नाई. चहा घेता का?"

*

संध्याकाळी दिव्या आली. इंजिनाचं तापमान दाखवणारं मीटर लावायचं राहिलं होतं. ती गाडीत उलटी पडून तारा ओढत होती. बाबूभाई खुर्ची टाकून बसले होते. एरवी नाजियाला कुणी बघत बसलेलं आवडायचं नाही, पण आज ती कुणालाही घरी जाऊ देणार नव्हती.

"फुंक मार आता," बाबूभाई म्हणाले. "अजानच्या आधी होऊन जाऊ दे."

नाजियानं लवंग थुंकली, चूळ भरली. आपल्या रेडिएटरचं एक तोंड बंद केलं, दुसऱ्यात नळी बसवली. बिस्मिल्ला. छाती भरून घेतली आणि नळीत फुंक मारली.

अॅल्युमिनियमच्या पोटात हवा शिरल्याचा नेहमीचा पोकळ आवाज झाला. गाल ताणले गेले. मग पलीकडून कुणीतरी फुंकलं.

हवा परत आली. जोरात नाही. एखाद्यानं तोंडाला तोंड लावून श्वास द्यावा, तशी गार, ओलसर, नदीच्या डोहासारखी. तिच्या घशात उतरली, छातीत बसली. जिभेवर बडीशेपेची चव राहिली.

तिनं नळी ओढून काढली आणि बूच दाबलं.

"काय झालं?" बाबूभाईंनी विचारलं.

"... काई नाई. दाढ."

"नाजे, ते दाढ काढून टाक," गाडीतून दिव्याचा आवाज आला. "नाईतं ट्रॅकवर तुह्यापेक्षा गाडीच कमी कन्हन."

बाबूभाई हसले. नाजियाही हसली. हसताना तिच्या लक्षात आलं, की बूच लावूनसुद्धा रेडिएटरची पातळ बाजू किंचित फुगते आहे आणि बसते आहे.

*

सकाळी बाबूभाईंनी स्वतः रेडिएटर हौदात बुडवला. बापूराव, दिव्या, दोघंही काठाशी होती. नाजिया लांब, गाडीला टेकून. दम निघू नये असं तिला वाटत होतं आणि निघावा असंही.

बाबूभाईंनी बूच काढलं.

बुडूक.

टपोरा, गोल बुडबुडा. पाण्यावर आला, क्षणभर थांबला आणि फुटला. बापूरावनं टाळी वाजवली. बाबूभाई तसेच वाकून राहिले. मग ओले हात पुसत ते नाजियाजवळ आले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात टाकला. जड, भाजल्याच्या डागांचा तो हात. त्याचं वजन कसं असतं, हे तिला आज पहिल्यांदा कळलं.

"दम हाये बेटा. शाब्बास. तुहा हात... मी पाह्यलाच नाई नीट."

हौदावरून वास तिच्यापर्यंत पोचला होता. बडीशेप. नवसागराच्या धुरानं बाबूभाईंचं नाक कधीच मेलं होतं. त्यांना काही कळणार नव्हतं. बापूराव आणि दिव्यासाठी ती नुसती बडीशेप होती. हे फक्त नाजियाला ठाऊक होतं.

एका वाक्याचं काम होतं. अब्बू, हा माझा श्वास नाही. मग रेडिएटर काढून फेकता आला असता, भट्टीत वितळवता आला असता. पण ते वाक्य बोललं की खांद्यावरचा हात उचलला जाणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. अब्बू हौदाकडे धावणार. पाण्यात तोंड घालणार. अजीम, अजीम करत रडणार. आणि शाबासकीही त्याचीच होणार.

"हो अब्बू," नाजिया म्हणाली. "राह्यला या टायमाले."

तिनं तो रेडिएटर गाडीत बसवला. स्वतःच्या हातानं, एकेक बोल्ट आवळून.

*

ट्रकवर चढवायच्या आधी एकदा पळवून बघायचं ठरलं होतं. गावाबाहेर बंद पडलेल्या खाणीचा जुना रस्ता होता, रुंद आणि सरळ. दोन्ही बाजूंना मातीचे काळे डोंगर, त्यांवर उगवलेली बाभूळ. ऊन कलंडलं होतं. बापूरावचा ट्रक एका टोकाला उभा राहिला, बाबूभाई त्याच्या पायरीवर.

नाजिया चालवायला, शेजारी दिव्या, मांडीवर मीटर.

इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. नाजियानं गिअर टाकला, पाय दाबला आणि पुढचं काळं तोंड हवा ओढायला लागलं. तो आवाज तिनं किती महिने मनात ऐकला होता. खोल, भरलेला, छातीतून निघणारा. गाडी सुटली. मातीचे डोंगर मागे वाहायला लागले.

"नाजे! काय पळून राह्यली ही!" दिव्या ओरडली. मग मीटरकडं वाकली. "पन काटा हालूनच नाई राह्यला. एवढ्या उन्हात? नदीच्या पान्यावानी थंड दाखवते... मीटर बिघडलं का?"

नाजियानं उत्तर दिलं नाही. तिला देता येत नव्हतं.

पाय दाबला की नरसाळं हवा ओढत होतं, आणि तेवढा वेळ तिच्या छातीत काहीच जात नव्हतं. तोंड उघडं होतं, नाक उघडं होतं, खिडकीतून गरम वारा तोंडावर आपटत होता. पण एक घोट आत येत नव्हता. पाय उचलला की आवाज खाली यायचा आणि मग श्वास यायचा. उरलेला, थोडासा, बडीशेपेच्या चवीचा.

"श्वास काऊन रोखून राह्यली तू?" दिव्यानं तिच्याकडं पाहिलं. "ओठ निळे पडले ना तुहे... थांबव. नाजे, थांबव आधी!"

गाडी ट्रकजवळ येऊन थांबली. नाजियानं किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं. ती दार उघडून बाहेर आली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली.

आवाज मात्र थांबला नव्हता.

दिव्याला वाटलं, पत्रा गार होतोय. पण नाजिया त्या काळ्या तोंडासमोरच वाकली होती. रस्त्यावरची कोळशाची बारीक भुकटी हळूहळू त्या तोंडाकडे सरकत होती. मग थांबत होती आणि हळूच मागे येत होती. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. भुकटी मागे आली की नाजियाच्या छातीत हवा यायची. भुकटी आत गेली की ती तोंड उघडं टाकून वाट बघायची. दोघांत मिळून एकच श्वास होता आणि तो आळीपाळीनं घ्यायचा होता.

बाबूभाई ट्रकवरून उतरून आले. डोळे भरून आले होते त्यांचे. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, मायेनं, लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"काय बनवली, बेटा," ते म्हणाले. "आता कोनी काईबी म्हनो. अजीमचं याच्यात काईच नाई. ही पुरी तुही हाये."

वर्षभर याच शब्दांसाठी ती जळत होती. ते शब्द आता हवेत होते, आणि तिला ओरडून सांगावंसं वाटलं, अब्बू नका, एवढं मोठ्यानं नका म्हणू...

काळ्या तोंडानं श्वास आत घेतला. खोल, पूर्वी कधी घेतला नव्हता इतका खोल. रस्त्यावरची भुकटी रेघ ओढत आत गेली, बाभळीचं एक वाळकं पान गेलं, नाजियाच्या स्कार्फचं टोक ताणलं गेलं.

आणि मग ते थांबलं. श्वास बाहेर आलाच नाही.

"चढवू का मंग ट्रकवर?" बापूरावनं लांबून विचारलं.

बाबूभाईंनी हसत मान डोलावली आणि दुसरा हात नाजियाच्या खांद्यावर ठेवला. ती सरळ उभी होती. तोंड किंचित उघडं, डोळे त्या नरसाळ्यावर. शब्दही फुटत नव्हता, आणि बापाला वाटलं, पोरगी आनंदानं गप्प झाली आहे.

ती वाट बघत होती. अजून तिची बारी आली नव्हती.